लळ्याची उपपत्ती आणि कोसबाडचे पाळणाघर

१

तान्ह्या मुलाला जी व्यक्ती रोज उचलते, न्हाऊमाखू घालते, रडू लागताच जवळ घेते, तिच्याविषयी त्या मुलाच्या ठिकाणी एक विशेष ओढ निर्माण होते. ती व्यक्ती दृष्टीआड झाली की मूल बेचैन होते, ती दिसली की निवते, आणि तिच्या सान्निध्याच्या भरवशावरच ते भोवतालच्या जगाकडे पाहू लागते. ह्या ओढीला मराठीत ‘लळा’ असा सुटसुटीत शब्द आहे. मानसशास्त्रावरील मराठी लेखनात मात्र तिच्यासाठी ‘आसक्ती’, ‘अनुबंध’, ‘भावबंध’ असे पर्याय योजले जातात. त्यांपैकी ‘आसक्ती’ ह्या शब्दाला अध्यात्मविचाराने त्याज्यतेची छटा दिली आहे. जे मुलाच्या निकोप वाढीचे लक्षण, त्याला आसक्ती म्हणणे विपर्यस्त ठरते. ‘अनुबंध’ व ‘भावबंध’ हे शब्द निर्दोष असले, तरी ते कोणत्याही नात्याला सारखेच लागू पडतात.

‘लळा’ ह्या शब्दाचा व्यवहार पाहिला तर तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, लळा सहवासाने लागतो. तो रक्ताच्या नात्याने आपोआप मिळत नाही. दुसरी अशी की, तो दोन्ही बाजूंनी लागतो. मुलाला सांभाळणाऱ्याचा लागतो, तसा सांभाळणाऱ्याला मुलाचा लागतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आईविषयी हा शब्द क्वचितच वापरावा लागतो, कारण तिथे तो गृहीतच असतो. बोलण्यात तो येतो तो आजी, आत्या, मावशी, थोरली बहीण, शेजारीण ह्यांच्याविषयी. म्हणजे तान्ह्या मुलाची ओढ आईबाहेरही जाते, ही गोष्ट मराठी भाषेने केव्हाच नोंदवून ठेवली आहे. युरोप-अमेरिकेतील शास्त्राला ती मान्य करण्यास पुष्कळ वाद घालावा लागला. त्या वादाचा निकाल ज्या प्रकारच्या अनुभवावर लागू शकतो, त्याचा एक महत्त्वाचा नमुना पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी ह्या तालुक्यांत उपलब्ध आहे. पाश्चात्त्य उपपत्तीची त्या अनुभवावर परीक्षा करणे, आणि त्याचबरोबर त्या अनुभवातील उणीवही दाखवणे, हा ह्या लेखाचा हेतू आहे.

२

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्या विषयासंबंधी रूढ असलेले मत सरळ होते. मूल भुकेले असते, आई दूध देते, म्हणून मूल आईला धरून राहते, असे मनोविश्लेषणवादी व वर्तनवादी हे परस्परविरोधी पंथ जवळजवळ एकमुखाने मानीत. ह्या मताला दोन दिशांनी धक्का बसला. हॅरी हार्लो ह्यांनी १९५८ मध्ये माकडांच्या पिलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. दूध देणारी तारेची ‘आई’ आणि दूध न देणारी मऊ कापडाची ‘आई’ ह्यांतून निवड करायची वेळ आली, तेव्हा पिले दुधापुरती तारेकडे गेली आणि उरलेला बहुतेक वेळ कापडाला बिलगून राहिली. दुसऱ्या दिशेने जॉन बोल्बी हे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ पुढे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर घर हरवलेल्या मुलांचा प्रश्न युरोपात उग्र झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी १९५१ मध्ये जो अहवाल सिद्ध केला, त्यात आईशी किंवा तिची जागा कायमपणे घेणाऱ्या व्यक्तीशी अखंड व जिव्हाळ्याचे नाते ही मुलाच्या मानसिक आरोग्याची पहिली अट मानली आहे. पुढे १९५८ च्या निबंधात आणि १९६९ पासून प्रसिद्ध झालेल्या तीन खंडांच्या ग्रंथात त्यांनी ह्या विचाराला प्राणिवर्तनशास्त्राचा पाया दिला. रडणे, हसणे, बिलगणे, मागे जाणे ह्या क्रिया म्हणजे संरक्षकाला जवळ ठेवण्याची निसर्गदत्त साधने होत, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

बोल्बींच्या विचारात दोन पदर आहेत आणि ते वेगळे ओळखणे अगत्याचे आहे. पहिला पदर असा की, मुलाला ओळखीच्या, प्रतिसाद देणाऱ्या आणि न बदलणाऱ्या माणसाची गरज असते. दुसरा असा की, मुलाची ओढ स्वभावतःच एका व्यक्तीवर केंद्रित होते आणि ती व्यक्ती सामान्यतः आई असते. पहिला पदर निरीक्षणातून आला आहे. दुसऱ्यात मात्र निरीक्षणाबरोबर एका विशिष्ट समाजाची घरव्यवस्था नकळत मिसळली आहे. नवरा कामावर, बायको घरी आणि दाराआड एकटे मूल अशी ती व्यवस्था. बोल्बींच्या टीकाकारांना हे लवकरच जाणवले. जागतिक आरोग्य संघटनेने १९६२ मध्ये ह्या प्रश्नाचा फेरविचार करणारा जो लेखसंग्रह काढला, त्यात मार्गारेट मीड ह्या मानवशास्त्रज्ञ विदुषींनी अनेक हातांत वाढणाऱ्या मुलांकडे लक्ष वेधले. शॅफर आणि इमर्सन ह्यांनी ग्लासगो येथील ६० मुलांचे निरीक्षण करून १९६४ मध्ये दाखवले की, दीड वर्षाच्या वयापर्यंत बहुसंख्य मुलांना एकाहून अधिक माणसांचा लळा लागलेला असतो. ग्लासगो हे काही दूरचे अरण्य नव्हे. जिथून ही उपपत्ती निघाली, त्याच देशातील ते शहर आहे. बोल्बींनीही पुढे दुय्यम व्यक्तींचे अस्तित्व मान्य केले. परंतु त्यांची उतरंड कायम ठेवली आणि उतरंडीच्या शिखरावर एकच व्यक्ती राहू दिली.

त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ ह्यांनी १९५४-५५ मध्ये युगांडात २८ तान्ह्या मुलांचे निरीक्षण त्यांच्या घरी जाऊन केले आणि १९६७ मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. पुढे बाल्टिमोर येथे त्यांनी एक चाचणी तयार केली. अनोळखी खोली, काही खेळणी, एक परकी स्त्री, दोनदा निघून जाणारी व परत येणारी आई अशा आठ छोट्या प्रसंगांतून सुमारे वर्षभराच्या मुलाची ओढ सुरक्षित आहे की नाही, हे ती ठरवते. चाचणीची बांधणी कुशल आहे. परंतु युगांडातील अंगणात जे दिसले ते बाल्टिमोरच्या खोलीत मोजायला घेताना एक गोष्ट मागे राहिली. अंगणात मूल कधीच एकटे नव्हते. ८ देशांतील ३२ अभ्यासांचे जे एकत्रित परीक्षण १९८८ मध्ये झाले, त्यात निरनिराळ्या देशांमधील भेदांपेक्षा एकाच देशातील अभ्यासांमधील भेद अधिक असल्याचे आढळले. त्या आठ देशांत भारत नाही.

३

डहाणू व तलासरी तालुक्यांतील वस्ती मुख्यतः वारली आणि त्यांच्याबरोबर कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी अशा आदिवासी जमातींची आहे. गाव म्हणजे विखुरलेल्या पाड्यांचा समूह. घर कारवीच्या कुडाचे, शेणामातीने लिंपलेले. मूल झोळीत, आईच्या पाठीशी किंवा थोरल्या भावंडाच्या कडेवर. आवणी असो, गवतकापणी असो वा रानातील लाकूडफाटा असो, घरातील धडधाकट स्त्री कामावर असते. तान्हे मूल अंगावर पीत असले तरी दिवसाचा पुष्कळसा भाग ते बहिणीच्या कडेवर काढते, आणि ही बहीण बहुधा सहा ते दहा वर्षांची असते. पाजण्यापुरते मूल आईकडे जाते व पुन्हा कडेवर येते. ज्या दोन गोष्टींचा हार्लोंनी प्रयोगशाळेत विच्छेद केला, म्हणजे दूध आणि ऊब, त्या इथे जीवनक्रमानेच दोन माणसांत वाटून दिल्या आहेत. फरक इतकाच की ही दोन्ही माणसे जिवंत आहेत आणि मुलाला दोघींचाही लळा आहे.

ह्या व्यवस्थेकडे नुसती ‘चालीरीत’ म्हणून पाहणे हा मानवशास्त्रातील एक मोह आहे, आणि तो टाळला पाहिजे. थोरल्या भावंडांनी धाकट्यांना सांभाळण्याची पद्धत जगभर किती विस्तृत आहे, हे वाइस्नर व गॅलिमोर ह्यांनी १९७७ च्या निबंधात साधार दाखवले आहे. परंतु डहाणू-तलासरीत तिला एक आर्थिक इतिहासही आहे. जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेलेल्या, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायको ‘लग्नगडी’ म्हणून राबणारी, आणि त्यावर वेठ असा तो काळ होता. वेठ स्त्रियांनाही चुकत नसे. शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची जी सभा भरली, तिच्यापासून वेठ व गुलामगिरी नाकारण्याचा उठाव सुरू झाला. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते, आज ते तलासरी तालुक्यात आहे. गोदावरीबाईंचा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हा ग्रंथ त्या उठावाचा वृत्तान्त म्हणून वाचला जातो. बालमानसशास्त्राच्या अभ्यासकानेही तो वाचावयास हवा, कारण आईचा वेळ कोणाच्या मालकीचा होता, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. ज्या आईचा दिवसच तिच्या मालकीचा नाही, तिच्या मुलासंबंधी ‘मातृवियोग’ हा शब्द वापरताना वियोग कोणी घडवला, हेही सांगितले पाहिजे. बोल्बींच्या १९५१ च्या अहवालात युद्धाने घडवलेला वियोग आहे. कर्जाने घडवलेल्या वियोगाला त्या उपपत्तीत स्थान नाही.

४

ज्या वर्षी झरीला सभा झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच किनारपट्टीवर, बोर्डी येथे, ताराबाई मोडक ह्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर त्यांनी माँटेसरी पद्धतीचे काम केले होते. अनुताई वाघ ह्या त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९९२ मध्ये निवर्तल्या. बोर्डीत एक गोष्ट लवकरच स्पष्ट झाली. मध्यवर्ती बालवाडी कितीही चांगली असली, तरी दलित व आदिवासी वस्तीतील मुले तिच्याकडे येत नाहीत. तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली गेली. तिचे नाव ‘अंगणवाडी’. खेळणी शिंपल्यांची, बियांची, पानाफुलांची. १९५७ च्या सुमारास केंद्राचे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या निकट, हलले. तिथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ह्यांचा एकत्र संसार मांडणारी ‘विकासवाडी’ आकारास आली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली.

विकासवाडीच्या मुळाशी असलेली अडचण साधी होती. मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर मूल आहे. ह्या अडचणीतून निघण्याचे तीन मार्ग संभवत होते. मुलीला शाळेबाहेर ठेवणे हा रूढ मार्ग. मूल घरी एकटे टाकून मुलीला शाळेत आणणे हा नुसत्या साक्षरताप्रसाराचा मार्ग. तान्ह्या मुलाला बहिणीपासून तोडून दूरच्या संस्थेत ठेवणे हा कल्याणकारी संस्थांचा मार्ग. आणि बोल्बींनी ज्या संस्थांविरुद्ध आवाज उठवला, त्या नेमक्या ह्याच जातीच्या होत्या. कोसबाडने चौथा मार्ग काढला. बहीण व मूल ह्यांना एकाच आवारात आणले आणि दोघींच्या मध्ये चार पावलांचे अंतर ठेवले. तान्हे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत, थोरली शाळेत. मूल फारच रडले तर बहीण हाकेच्या अंतरावर आहे, आणि सांभाळणारी बाई त्याच भागातील, रोजच्या ओळखीची आहे.

ही योजना कोणत्याही मानसशास्त्रीय उपपत्तीवरून बेतलेली नव्हती. किंबहुना बोल्बींचा पहिला खंड प्रसिद्ध होण्यापूर्वीच ती उभी होती. तरीही लळ्यासंबंधीचे जे निष्कर्ष पुढे दृढ झाले, त्यांच्याशी ती आश्चर्यकारकपणे जुळते. ज्या व्यक्तीचा आधार आहे ती जवळ असली, तर मूल नवी जागा व नवी माणसे स्वीकारते. ती एकाएकी नाहीशी झाली, तर प्रथम आक्रोश, मग हताशा आणि शेवटी वरपांगी शांतता असा क्रम दिसतो. जेम्स रॉबर्टसन ह्यांनी १९५२ च्या आपल्या चित्रपटात इस्पितळात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीच्या रूपाने हेच दाखवले. ती वरपांगी शांतता पाहून ‘मूल रुळले’ असे समजणे, ही संस्थांची नेहमीची चूक असते.

५

आता उपपत्तीचा हिशेब करता येईल. कोसबाडच्या अनुभवाने तिचा दुसरा पदर, म्हणजे ‘एक मूल, एक आई’ हा आग्रह, खोडून निघतो. कडेवरचे मूल दोन-तीन माणसांवर भरवसा ठेवून वाढते, आणि त्यात विकृती मानण्याचे काहीच कारण नाही. परंतु पहिला पदर ह्याच अनुभवाने बळकट होतो. पाड्यावरचे मूल अनेक हातांत वाढते, हे खरे. मात्र ते हात मोजके, ठरलेले आणि रोजचे असतात. अनेक हात असणे निराळे आणि हात सतत बदलणे निराळे. बोल्बींच्या काही टीकाकारांकडून हा भेद सुटतो. मूल कोणीही सांभाळले तरी चालते, असा निष्कर्ष ते काढू पाहतात. अनाथालयातील पाळीपाळीने बदलणाऱ्या परिचारिका आणि पाड्यावरील आई-आजी-बहीण ह्या दोहोंना ‘अनेक संगोपक’ अशा एकाच सदरात घालणे म्हणजे संख्या पाहून गुण विसरणे होय. ‘माय मरो पण मावशी जगो’ ह्या म्हणीलाही मावशीच अभिप्रेत आहे, कोणीही परकी नव्हे.

ह्याच संदर्भात एका प्रसिद्ध चरित्राचा उल्लेख सावधपणे करावा लागेल. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) ह्यांचा जन्म तलासरी तालुक्यातील धामणगावचा, आणि त्यांचे उर्वरित आयुष्य डहाणू तालुक्यात गेले. सातव्या वर्षाच्या सुमारास आई गेली आणि त्यानंतर ते बोलेनासे झाले. धुळीत रेघोट्या काढून ते आपले म्हणणे सांगत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. सात वर्षांचे मूल तान्हे नव्हे, आणि एका कलावंताच्या बालपणावरून शास्त्रीय नियम बांधता येत नाही. त्यांच्या कलेचा उगम ह्या एका घटनेत शोधणे तर अन्यायाचे होईल. तरीही अनेक हातांच्या समाजातसुद्धा एखादा हात गेल्यावर त्याची जागा दुसऱ्याने आपोआप भरत नाही, एवढे हा वृत्तान्त सुचवतो. लळा पुष्कळांचा लागतो. पण ज्याचा लागतो त्याचाच तो असतो. बोल्बींची मूळ दृष्टी इथे खरी ठरते.

चाचणीविषयीही एक शब्द आवश्यक आहे. बंद खोली, परकी बाई आणि निघून जाणारी आई हा प्रसंग पाड्यावरच्या मुलाच्या आयुष्यात जवळजवळ येतच नाही. त्या खोलीत ते अतोनात रडले, तर त्यावरून त्याच्या मनाची असुरक्षितता सिद्ध होईल, की प्रसंगाची अपूर्वता? आईऐवजी थोरली बहीण खोलीतून बाहेर गेली, तर काय घडेल? ज्या अभ्यासकांना ह्या भागात काम करावयाचे असेल, त्यांनी एन्सवर्थ ह्यांच्या बाल्टिमोरच्या खोलीपेक्षा त्यांच्याच युगांडातील घरभेटींचा कित्ता गिरवणे अधिक फलदायी ठरेल.

६

कोसबाडच्या योजनेचीही मर्यादा सांगितली पाहिजे. पाळणाघराची कल्पना शाळेच्या अडचणीतून निघाली. तान्हे मूल तिच्यात प्रथम येते ते बहिणीच्या शिक्षणातील अडथळा म्हणून. माँटेसरी परंपरेचा मुख्य विचार अडीच-तीन वर्षांपासून पुढे सुरू होत असल्याने, त्याखालच्या मुलाचे भावजीवन हा स्वतंत्र विषय म्हणून तिथे विकसित झाला नाही. उलट, लळ्याच्या उपपत्तीने तान्ह्या मुलाला मध्यभागी आणले, पण त्याला वाहणारी आठ वर्षांची मुलगी तिला दिसली नाही. ती स्वतःही मूल आहे, तिलाही कोणाच्या तरी मांडीची गरज आहे, आणि कडेवरच्या भावाचा तिला लागलेला लळा हे तिचे सुख असते तसे तिचे ओझेही असते. एकीकडे मुलीचा विचार आहे, दुसरीकडे मुलाचा आहे. दोघांना एकत्र पाहण्याचे श्रेय, विचाराच्या पातळीवर नसले तरी व्यवस्थेच्या पातळीवर, विकासवाडीकडेच जाते.

हा भेद केवळ ग्रांथिक नाही, हे पुढील इतिहासावरून दिसते. केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हा बोर्डीचा ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. त्या अंगणवाडीत शालापूर्व शिक्षण मिळते ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. तीन वर्षांखालील मुलाच्या वाट्याला वजन, लसीकरण, पोषक आहार ह्या अत्यावश्यक सेवा आल्या. दिवसभर सांभाळणारे हात आले नाहीत. देशाने बोर्डीचे अंगण घेतले आणि कोसबाडचा पाळणा टेकडीवरच ठेवला. २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलीला शाळेत असण्याचा अधिकार दिला. तिच्या कडेवरचे मूल त्या वेळी कोठे असावे, ह्याविषयी कायदा बोलत नाही. २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’खाली अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची ‘पालना’ योजना आली, तेव्हा हे दोन तुटलेले भाग कागदावर तरी पुन्हा जवळ आले.

ह्या योजनेचे यश मोजताना पाळणाघरांची संख्या हा निकष पुरेसा होणार नाही. तिथे सांभाळणारी बाई पाड्याच्या ओळखीची आहे काय. ती दर काही महिन्यांनी बदलते काय. पाळणाघराची वेळ शाळेच्या आणि आईच्या मजुरीच्या वेळेशी जुळते काय. आवणीच्या दिवसांत, किंवा कुटुंब वीटभट्टीवर स्थलांतर करते तेव्हा, मुलाचे काय होते. आणि भावंडांना एकमेकांजवळ राहता येते काय, हे खरे प्रश्न होत. त्यांपैकी बहुतेकांचे मूळ ‘ओळखीचा, प्रतिसाद देणारा, न बदलणारा हात’ ह्या एका सूत्रात आहे. ते सूत्र लंडनमध्ये शास्त्राच्या भाषेत मांडले गेले आणि कोसबाडला एका आवाराच्या रचनेत उतरले. दोहोंनी परस्परांची दखल घेतली नाही. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर घरोघर जाऊन, बहिणीच्या कडेवरच्या मुलाचे आणि त्याला वाहणाऱ्या बहिणीचेही, ऋतुमानानुसार वर्षभर निरीक्षण करणारे संशोधन झाले, तर ती दखल घेतली जाईल. आणि ते संशोधन मराठीत झाले, तर त्याला नावासाठी दूर जावे लागणार नाही.